एफवायच्या मुलांना वैज्ञानिक पद्धत आणि उत्क्रांती शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात एफवायला शिकवायला लागल्यापासून दरवर्षी कॉलेज सुरू झालं की तेच तेच प्रश्न येतात, कधी नवीन लागलेल्या टीचर विचारतात, कधी मुलं लेक्चर संपल्यावर थांबून विचारतात, कधी एखाद्या मुलीची आई व्हॉट्सअॅपवर लांबलचक मेसेज पाठवते. सगळ्यांना वेगवेगळं लिहिण्यापेक्षा एकदा नीट एका जागी लिहून ठेवते. क्रमानं वाचायलाच पाहिजे असं काही नाही, एका उत्तराचं दुसऱ्याशी नातं आहे तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. वैज्ञानिक पद्धत आधी घ्यावी की डायरेक्ट उत्क्रांतीपासून सुरू करावं?

पद्धत आधी. दहा लेक्चर मिळणार असतील तर चार पद्धतीला द्या, जड वाटलं तरी द्या. मी सुरुवातीची दोन वर्षं उलटं केलं, पहिल्याच दिवशी डार्विन काढला, आणि वर्गाचे लगेच दोन तट पडले, "मानणारे" आणि "न मानणारे", मग पुढचे सगळे तास त्यातच गेले. उत्क्रांती मानायची का नाही हा प्रश्न वर्गात यायलाच नको. त्याऐवजी पहिल्या आठवड्यापासून मुलांच्या तोंडी एकच प्रश्न बसवायचा: "हे चुकीचं असतं तर आपल्याला काय वेगळं दिसलं असतं?" हा प्रश्न भाताला लावा, औषधाला लावा, बातमीला लावा, आणि मग उत्क्रांतीला लावा. तोपर्यंत मुलांना सवय झालेली असते आणि भांडण होत नाही, होतं ते काम.

२. मुलांनी दहावीत उत्क्रांती शिकलेलीच नाहीये, मग कुठनं सुरू करू?

हो, ही अडचण खरी आहे. एनसीईआरटीनं २०२२ मध्ये अभ्यासक्रम कमी करताना दहावीच्या विज्ञानातनं उत्क्रांतीचा भाग काढला, धड्याचं नाव आधी "आनुवंशिकता आणि उत्क्रांती" होतं ते नुसतं "आनुवंशिकता" राहिलं. बारावीच्या बायोलॉजीत उत्क्रांती आहे, पण ज्यानं अकरावीला मॅथ्स ग्रुप किंवा कॉमर्स घेतलं त्याला ती कधी भेटतच नाही. मला हे फार लागतं, कारण या मुलांपर्यंत जे पोचतं ते फक्त ऐकीव असतं. म्हणून असं धरून चला की वर्गातल्या निम्म्या मुलांना शब्दसुद्धा नवीन आहेत. जीन (आईबापांकडनं येणारी डीएनएमधली सूचना), म्युटेशन (त्या सूचनेत झालेला बदल), प्रजाती (आपसात पिल्लं होऊ शकणाऱ्या प्राण्यांचा गट), एवढे तीन शब्द पहिल्या तासाला साध्या भाषेत सांगा आणि पुढे जा.

३. "निरीक्षण, हायपोथिसिस, प्रयोग, निष्कर्ष" हे पाठ करून घ्यायचं का?

एकदा फळ्यावर लिहा, पण हाच एक रस्ता आहे असं सांगू नका. ताऱ्यावर कोणी प्रयोग करत नाही, ज्वालामुखीवर करत नाही, तरी खगोलशास्त्र आणि भूगर्भशास्त्र ही विज्ञानंच आहेत. तिथे काम असं चालतं की आधी एक अंदाज बांधायचा, तो खरा असेल तर अमुक जागी अमुक गोष्ट सापडायला हवी असं आधीच सांगून टाकायचं, आणि मग जाऊन बघायचं. "आधीच" हा शब्द महत्त्वाचा, निकाल लागल्यावर तर कोणीही सांगेल. याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण टिकटालिक नावाच्या प्राचीन माशाचं. साधारण ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मासे होते आणि साडेछत्तीस कोटीच्या सुमाराला चार पायांचे प्राणी, म्हणून काही संशोधकांनी नकाशा काढून मधल्या वयाचे खडक शोधले आणि कॅनडाच्या उत्तरेला एल्समीर बेटावर कित्येक उन्हाळे थंडीत खोदत राहिले. २००४ मध्ये तिथे सापडला तो मासा, अंगावर खवले, आणि पराच्या आत मनगटासारखी हाडं, मानही वळणारी. सापडला नसता तर त्यांचा अंदाज हरला असता. हरू शकेल असा अंदाज बांधणं, यालाच मी पद्धत म्हणते, बाकी पायऱ्या मागेपुढे होतात.

४. लॅब मिळत नाही, वर्गातच करता येईल असा एखादा प्रयोग सांगा.

भाताच्या बरण्या. तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेला असतो, एका बरणीतल्या भाताशी गोड बोलायचं, दुसरीला शिव्या द्यायच्या, आणि शिव्यावाला भात आधी सडतो म्हणे. मी मुलांना सांगते, चला करूया, पण नीट करूया. मग नीट म्हणजे काय यावरच पाऊण तास चर्चा होते आणि खरं शिकणं तिथे होतं. एकच मुलगी म्हणाली, मॅडम, एकेक बरणी घेतली आणि एकीचं झाकण सैल राहिलं तर? मग ठरलं, दहा गोड, दहा कडू, आणि दहा जिच्याशी कोणी काहीच बोलणार नाही. भात एकाच कुकरचा, बरण्या सारख्या, प्रत्येकीत तीन चमचे. बरण्यांवर फक्त नंबर, कुठला नंबर कुठल्या गटातला ते एका वहीत, आणि जो बुरशी मोजणार त्याला वही दाखवायची नाही. बुरशी म्हणजे काय तेही आधीच ठरवायचं, पांढरा ठिपका धरायचा की नाही. आमच्याकडे सहाव्या दिवसापर्यंत तिन्ही गटांत बुरशी आली होती, आणि सगळ्यात वाईट अवस्था होती खिडकीजवळच्या बरण्यांची, मग त्या कुठल्याही गटातल्या असोत. मुलांनीच पुढचा प्रश्न काढला की खिडकीचं ऊन का ओल. ते वेगळं करून बघायला अजून एक आठवडा गेला, पण त्या वर्गाला "कंट्रोल", म्हणजे तुलनेसाठी काहीच न करता ठेवलेला गट, हा शब्द परत समजवावा लागला नाही. बरण्या उघडायच्या नाहीत, बुरशीचा वास घ्यायचा नाही आणि शेवटी बंदच टाकून द्यायच्या, हे मात्र आधीच सांगा.

५. थिअरी म्हणजे शेवटी अंदाजच ना? सिद्ध झाली की तिचा लॉ होतो?

नाही, आणि हा गैरसमज पहिल्या आठवड्यातच काढा. बोलताना आपण "माझी एक थिअरी आहे" म्हणतो तेव्हा अंदाज म्हणतो. विज्ञानात अंदाजाला हायपोथिसिस म्हणतात, आणि भरपूर तपासण्यांतनं टिकलेलं, अनेक गोष्टी एकत्र समजावणारं स्पष्टीकरण म्हणजे थिअरी. लॉ म्हणजे काय घडतं त्याचं वर्णन, बहुतेक वेळा एखादं समीकरण, थिअरी म्हणजे ते का घडतं. एकीला बढती मिळून दुसरं होत नाही. बॉइलचा लॉ बघा, दाब खूप वाढला की खऱ्या गॅसला तो नीट लागू पडत नाही, तरी नाव लॉ. आणि रोग जंतूंमुळे होतात ही आजही जर्म थिअरीच आहे, म्हणून ऑपरेशनच्या आधी डॉक्टर हात धुवायचे थांबत नाहीत.

६. मग आपण मराठीत "उत्क्रांतिवाद" म्हणायचं का?

मी म्हणत नाही, "उत्क्रांती" म्हणते. "वाद" लागला की मुलाच्या कानाला ते भांडण वाटतं नाहीतर समाजवाद-भांडवलवादासारखी एखादी बाजू वाटते. गुजरातीतही तोच शब्द आहे त्यामुळे गुजराती मीडियमच्या मुलांची अडचण तीच. खरं म्हणजे "उत्क्रांती" पण पूर्ण निर्दोष नाही, त्यातल्या "उत्" मध्ये वर चढणं आहे, आणि मुलं लगेच शिडी डोळ्यापुढे आणतात, खाली जंतू, वर माणूस. शब्द रुळलाय तो बदलता येणार नाही, पण एकदा फळ्यावर फोडून दाखवा आणि सांगा की इथे शिडी नाहीये, फांद्या आहेत.

७. करोडो वर्षांपूर्वी बघायला कोण होतं?

हा प्रश्न आला की मी २०२४ च्या ऑगस्टमधला आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीचा पूर काढते. पाणी उतरल्यावर घरोघरी भिंतीवर चिखलाची रेघ राहिली होती. समजा तेव्हा तुम्ही गावाला गेला होतात, परत आल्यावर ती रेघ बघून पाणी कुठवर चढलं ते सांगू शकता की नाही? शेजाऱ्याच्या भिंतीवरची रेघ त्याच पातळीला असेल तर खात्री वाढते, आणि फ्रीजच्या आत त्याच उंचीपर्यंत गाळ असेल तर अजून वाढते. कोणी बघितलं नाही म्हणून पूर आलाच नाही असं आपण म्हणत नाही. उत्क्रांतीच्या भिंती वेगवेगळ्या आहेत, खडकातले फॉसिल, हाडांची रचना, डीएनए, कुठल्या बेटावर कुठले प्राणी, आणि प्रत्येक भिंतीवरची रेघ स्वतंत्रपणे मोजलेली आहे. सगळ्या रेघा एकाच पातळीला येतात, जोर त्याचा आहे.

८. माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून कशी काय आहेत?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि आपल्या मराठी मुलांना तर उत्तर घरातच मिळतं. आपल्यापैकी कित्येकांची घराणी गायकवाडांच्या काळात पुणे-सातारा-कोकणातनं इथे आली. त्याच घराण्याची एक पाती शिंद्यांबरोबर ग्वाल्हेरला गेली, एक होळकरांकडे इंदूरला. आता तुमचे ग्वाल्हेरचे चुलते आहेत म्हणजे तुम्ही त्यांच्यापासून झालात असं होत नाही, तुमचा आणि त्यांचा एक खापरपणजोबा होता. आणि तुम्ही बडोद्याला आलात म्हणून ग्वाल्हेरची पाती संपली का? चिंपांझी हा आपला चुलता आहे, आजोबा नव्हे. दोघांचा सामायिक पूर्वज साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा, तो आजचा चिंपांझीही नव्हता आणि माणूसही नव्हता.

पुरावा मागितला तर क्रोमोझोमचा द्या, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्यांचा. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, सगळ्यांना ४८, आपल्याला ४६. नातं खरं असेल तर आपल्यात कुठेतरी दोन क्रोमोझोम चिकटून एक झालेलं दिसायला हवं. आपलं दोन नंबरचं क्रोमोझोम तसंच आहे, क्रोमोझोमच्या टोकाला डीएनएची जी ठरावीक अक्षरं असतात ती याच्या मधोमध सापडतात, तोंडाला तोंड लावून जोडल्यासारखी.

९. पण एका प्राण्याच्या पोटी दुसऱ्याच जातीचं पिल्लू कधी जन्माला आलं?

कधीच नाही, आणि उत्क्रांती तसं म्हणतही नाही. उलट असं पिल्लू जन्मलं तर उत्क्रांतीच अडचणीत येईल. परत घरचंच उदाहरण घ्या, भाषेचं. महाराष्ट्री प्राकृतपासून आजच्या मराठीपर्यंत कधी असं झालं का, की आई एक भाषा बोलतेय आणि लेक दुसरीच? प्रत्येक पिढीला आपल्या आईबापांचं बोलणं नीट कळत होतं. तरी आज दोन हजार वर्षांपूर्वीची गाथा समोर ठेवली तर आपल्याला टीपा लागतात. आपल्या बडोद्याच्या मराठीत दीडदोनशे वर्षांत गुजरातीचे किती शब्द आणि किती लकबी आल्या, पुण्याची मामी लगेच ओळखते. येणंजाणं पूर्ण तुटलं असतं आणि मध्ये हजारो वर्षं गेली असती तर दोन भाषा झाल्या असत्या. प्राण्यांतही तसंच, दोन गटांत मिसळणं थांबलं की फरक साठत जातात. भाषेत बोलणारे एकमेकांकडनं शब्द उचलतात तसे प्राणी सहसा जीन उचलत नाहीत, उदाहरण तेवढं तोकडं आहे हे मुलांना सांगा.

१०. "गरज पडली म्हणून जिराफानं मान लांब केली" हे मुलांच्या डोक्यातनं कसं काढू?

क्रियापद बदलून. आपण टीचर लोकच बोलताना घसरतो, "मगरीनं डोळे डोक्यावर आणले", "निवडुंगानं पानांचे काटे केले", असं म्हटलं की कर्ता प्राणी झाला आणि त्याच्यात इच्छा आली. मी मुलांना वाक्य उलटं लिहायला लावते: "ज्या मगरींचे डोळे जरा वर होते त्यांना पाण्यात लपून बघता यायचं, त्यांची पिल्लं जास्त जगली." लांब होतं, पण कोणी काही ठरवलेलं नाही हे त्यात दिसतं.

आणि एक खेळ. हिरवी ओढणी बाकावर पसरायची, त्यावर हिरवे मूग, मसूर, पांढरी चवळी आणि काळे उडीद असे पंचवीस-पंचवीस दाणे टाकायचे. चार मुलं पक्षी. हातात भुवयांचा चिमटा. एकेक करून पटापट उचलत ७५ दाणे खायचे, उरले २५. प्रत्येक उरलेल्याला त्याच्याच रंगाची तीन पिल्लं, म्हणजे परत शंभर. असं तीनदा करा आणि दर वेळी मोजून फळ्यावर लिहा. ओढणी हिरवी होत जाते असं मुलं म्हणतात तेव्हा मी एक मूग उचलून विचारते, हा बदलला का? नाही. एकही दाणा बदललेला नसतो, घोळका बदललेला असतो. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. पुढच्या तासाला ओढणी बांधणीची घ्या, लाल-पांढऱ्या ठिपक्यांची, मूग लगेच संपायला लागतात.

११. म्हणजे सगळं योगायोगानंच झालं? डोळ्यासारखी गोष्ट योगायोगानं कशी होईल?

योगायोग अर्ध्याच भागात आहे. म्युटेशन कुठलं येईल ते प्राण्याच्या गरजेवर ठरत नाही, एवढ्या अर्थानं तो योगायोग. पण त्यातलं कुठलं टिकेल हा योगायोग नाही, वरच्या खेळात मुग टिकणार हे ठरलेलंच होतं. डोळ्याचं म्हणाल तर अर्धा डोळा काय कामाचा असं विचारतात, पण अर्धे डोळे आजही जिवंत प्राण्यांत आहेत आणि कामाचे आहेत. प्लॅनेरिया या चपट्या किड्याला नुसता उजेड-अंधार कळणारा खोलगट ठिपका आहे, उजेड पडला की तो अंधाराकडे पळतो. नॉटिलस या शंखातल्या समुद्री प्राण्याच्या डोळ्याला भिंगच नाही, नुसतं छिद्र, तरी धूसर का होईना चित्र दिसतं. प्रत्येक पायरीवर आधीपेक्षा थोडं जास्त दिसतं, एवढं पुरतं.

१२. मधले दुवे कुठायत? सगळे म्हणतात मिसिंग लिंक मिसिंगच आहे.

मुलांना बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये न्या. तिथे निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, सुमारे ७२ फुटांचा, इथलं प्रत्येक पोर लहानपणी त्याच्यापुढे उभं राहिलेलं असतं आणि कोणी त्याला पराजवळ थांबायला सांगितलेलं नसतं. तिथे थांबवा. माशाच्या पराचे काटे नाहीयेत ते. खांद्याला एक हाड, मग दोन, मग मनगटाचे तुकडे, मग बोटांच्या रांगा. स्वतःचा हात धरून ताडून बघायला सांगा. निळ्या देवमाशाला बोटं चारच असतात, पण क्रम आपलाच. पोहण्यासाठी कोणी नव्यानं बनवलं असतं तर आत बोटं घालायचं कारण काय?

देवमासे जमिनीवरच्या चार पायांच्या प्राण्यांपासून झाले, आणि यातला मोठा भाग आपल्या उपखंडात घडला, हे मुलांना कोणी सांगतच नाही. काश्मीरच्या खडकांतला इंडोह्यस, मांजराएवढा खुरांचा प्राणी, साधारण ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, पण त्याच्या कानातलं हाड देवमाशांच्या कुळात असतं तसं जाड. पाकिस्तानातला पाकिसेटस, चार पायांचा. आणि आपल्या कच्छमध्ये रेमिंग्टनोसेटस आणि कच्छीसेटस, पाय असलेले, किनाऱ्याच्या उथळ पाण्यात राहणारे देवमासे, कच्छचं नावच त्यात आहे. मग बॅसिलोसॉरस, पूर्ण समुद्रातला, मागचे पाय नुसते नावाला उरलेले.

माझ्या ड्रॉवरमध्ये बकऱ्याच्या घोट्याचं एक हाड असतं, मटणवाल्याकडनं मागून आणलेलं, उकळून, गच्चीवर आठवडाभर वाळवलेलं. सुपारीपेक्षा थोडं मोठं, आणि दोन्ही टोकांना विहिरीच्या रहाटासारखी खाच. असं दोन्हीकडे खाच असलेलं हाड फक्त समखुरी प्राण्यांत असतं, गाय, बकरी, हरीण, पाणघोडा. १९९० च्या दशकात डीएनएवाले म्हणायला लागले की देवमासा पाणघोड्याचा जवळचा नातेवाईक आहे, हाडंवाल्यांना ते पटत नव्हतं. २००१ मध्ये जुन्या देवमाशांचे घोटे सापडले, दोन्हीकडे खाच. ते हाड मुलांच्या हातात दिल्यावर वर्ग गप्प होतो. आपल्याकडे बरीच मुलं कडक शाकाहारी घरची असतात, कोणाला हात लावायचा नसेल तर लावायला लावू नका, मी प्लास्टरचा एक ठसा करून ठेवलाय.

१३. उत्क्रांती आत्ता आपल्यासमोर घडते का?

घडते. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोसच्या डॅफ्ने मेजर बेटावर १९७७ मध्ये दुष्काळ पडला, छोट्या बिया संपल्या, मोठ्या कडक बिया फोडू शकणारे जाड चोचीचे फिंच पक्षी जास्त वाचले आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच जाड निघाली. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या संशोधकांनी पक्षी पकडून पकडून मोजलेलं आहे हे. १९८३ मध्ये धो धो पाऊस पडला, छोट्या बिया वाढल्या, आणि कल उलटा फिरला. शिडी नाही म्हणते ते यासाठी.

दुसरं, रिचर्ड लेन्स्की या वैज्ञानिकानं १९८८ मध्ये १२ फ्लास्कमध्ये ई. कोलाय हे जंतू वाढवायला घेतले, दर ५०० पिढ्यांनी नमुना गोठवून ठेवला. ३१ हजारांपेक्षा जास्त पिढ्यांनंतर एकाच फ्लास्कमधले जंतू एरवी हवेत असताना न खाता येणारं सायट्रेट हे रसायन हवेत असतानाही खायला लागले, बाकी अकरांत ते झालं नाही. आणि घरातलं उदाहरण हवं असेल तर टीबीची औषधं. डॉक्टर एकदम तीन-चार गोळ्या का देतात? एका औषधाला दाद न देणारा एखादा जंतू करोडोंत असतोच, एकटं औषध दिलं तर तोच उरतो आणि वाढतो.

१४. "बळी तो कान पिळी" म्हणजेच सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट ना?

अजिबात नाही, कृपा करून ही म्हण वर्गात वापरू नका. तो शब्दप्रयोग मुळात डार्विनचा नाहीच, हर्बर्ट स्पेन्सर या तत्त्वज्ञाचा, १८६४ चा, डार्विननं आपल्या पुस्तकाच्या नंतरच्या एका आवृत्तीत घेतला. फिट म्हणजे बळकट नव्हे, त्या जागी, त्या काळात ज्याची पिल्लं जास्त उरली तो. एकमेकांना मदत करणाऱ्या मुंग्या फार फिट आहेत. आणि निसर्गात काय घडतं यावरनं माणसानं माणसाशी कसं वागावं ते ठरत नाही. या म्हणीच्या नादानं विसाव्या शतकात लोकांवर भयंकर अन्याय झाले, तेही मुलांना कळू द्या.

१५. आजार देणारा जीन असेल तर तो निवडीत संपून जायला हवा, मग टिकतो कसा?

सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घ्या, गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात तो आहे आणि तुमच्या वर्गात छोटा उदेपूरकडची मुलं असणारच. दोन्ही आईबापांकडनं तो जीन आला तर आजार होतो. एकाकडनंच आला तर माणूस बहुतेक ठणठणीत असतो, आणि जिवावरच्या मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत हे दाखवलं. म्हणजे मलेरियाच्या प्रदेशात तोच जीन काहींना वाचवतो आणि काहींना मारतो, म्हणून संपत नाही. शिकवताना "त्या लोकांचा दोष" असा सूर चुकूनही येऊ देऊ नका, त्यांच्या पूर्वजांनी मलेरियाशी दिलेल्या झुंजीची ती खूण आहे.

काही बदल तर निवडीशिवाय, नुसत्या नशिबानंही टिकतात, याला जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात. लहान गटात जास्त होतं. नाणं दहादा उडवा आणि हजारदा उडवा, दहात सात छापे सहज पडतील, हजारात सातशे पडणार नाहीत.

१६. विश्वामित्रीतली मगर तर डायनोसॉरच्या काळापासून तशीच आहे, ती का नाही बदलली?

बाहेरनं तशी दिसते एवढंच. मगरीच्या मोठ्या कुळात पूर्वी लांब पायांचे जमिनीवर धावणारे होते, समुद्रात राहणारे होते, झाडपाला खाणारेही होते, त्या फांद्या संपल्या. नदीकाठी दबा धरून बसणारी ठेवण कामाची राहिली म्हणून निवड तिलाच सांभाळत राहिली. बदल न होऊ देणं हेही निवडीचंच काम. डीएनए मात्र बदलतच राहिलेला आहे.

१७. विज्ञान सारखं बदलतं, उद्या हेही चुकीचं निघालं तर?

निघू शकतं, आणि कसं निघेल ते आधीच सांगता येतं. जीवशास्त्रज्ञ हाल्डेन यांच्या नावावर एक उत्तर सांगतात, प्रीकॅम्ब्रियन काळातला, म्हणजे सस्तन प्राणी येण्याच्या कित्येक कोटी वर्षं आधीचा, ससा सापडला तर. हे हाल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून कायमचे भारतात आले, इथेच वारले, मुलांना ही गोष्ट आवडते.

डार्विनच्या हयातीतच मोठं संकट आलं होतं. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी १८६२ मध्ये पृथ्वी किती वेगानं थंड होते त्याचं गणित करून तिचं वय २ ते ४० कोटी वर्षांत बसवलं, उत्क्रांतीला ते फार अपुरं होतं. गणितात चूक नव्हती, धरलेल्या गोष्टी अपुऱ्या होत्या. पुढे किरणोत्सर्गावरनं खडकांचं वय मोजता यायला लागलं आणि पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची निघाली. आणि १९१२ चा इंग्लंडमधल्या पिल्टडाउनचा "आदिमानव" खोटा होता, माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा, हे १९५३ मध्ये शोधून काढलं ते वैज्ञानिकांनीच, रासायनिक तपासणी करून. ही फजिती लपवू नका, मुद्दाम शिकवा.

१८. फिजिक्सची मुलं विचारतात, थर्मोडायनामिक्सच्या दुसऱ्या नियमात हे बसतं का?

बसतं. तो नियम म्हणतो की बंद डब्यात अव्यवस्था कमी होत नाही, पण पृथ्वी बंद डबा नाही, सूर्याकडनं सतत ऊर्जा येते. नाहीतर बीपासून झाडही झालं नसतं.

१९. पहिला जीव कसा आला?

हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर अजून नाही. १९५३ मध्ये स्टॅन्ली मिलर यांनी साध्या गॅसमध्ये विजेच्या ठिणग्या सोडून अमिनो आम्लं मिळवली, तिथून काम चालू आहे. उत्क्रांती सुरू होते ती जीव आल्यानंतर.

२०. घरी पूजाअर्चा करणाऱ्या मुलांना काय सांगू? आणि दशावतारात हेच आहे असं म्हणतात ते?

श्रद्धा सोडायला सांगू नका, ते आपलं कामच नाही. देव आहे की नाही हे प्रश्न १ मधल्या कसोटीवर घासता येत नाही, म्हणून विज्ञान त्यावर बोलत नाही. विसाव्या शतकातले उत्क्रांतीचे फार मोठे अभ्यासक थिओडोसियस डोब्झान्स्की श्रद्धावान ख्रिश्चन होते.

दशावताराचं, मत्स्य, कूर्म, वराह असा क्रम बघून मुलांना आनंद होतो आणि तो हिरावून घ्यायचं कारण नाही. पण त्याला पुरावा म्हणून उभं करू नका. अवतार म्हणजे देवानं रूप घेणं, त्यात आधीच्यापासून पुढचा जन्मत नाही. आणि कथेला फॉसिलची परीक्षा द्यायला लावली की कथेचाही मान जातो. दोन्ही आपापल्या जागी राहू द्या.

२१. पेपरात काय विचारू?

"डार्विनचा सिद्धांत स्पष्ट करा" विचारलं तर गाइडमधनं उतरवून येतं. मी असं विचारते: माणसाच्या शरीरात व्हिटॅमिन सी बनत नाही, बहुतेक सस्तन प्राण्यांत बनतं. आपल्यात तो जीन मोडक्या अवस्थेत सापडतो, माकडांतही मोडकाच, आणि गिनीपिगमध्येही मोडका पण वेगळ्या प्रकारे. यावरनं नात्याबद्दल काय सांगता येईल, आणि माकडातला जीन कसा सापडला असता तर तुमचं उत्तर बदललं असतं? दुसऱ्या भागाला जास्त मार्क. पहिल्या वर्षी अर्धा वर्ग तो कोरा सोडतो, म्हणून सरावाला आधी दोनदा द्या.

२२. मी बायोलॉजीची नाही, केमिस्ट्रीची आहे, तरी हा पेपर माझ्याकडे आलाय. जमेल का?

जमेल. सुरुवात प्रश्न ४ च्या बरण्यांनी करा, तिथे केमिस्ट्रीवालीला कोणाकडनं काही शिकायचं नसतं. मध्ये प्रश्न १० चा खेळ. शेवटी एक सकाळ कमाटीबाग, जायच्या आधी म्युझियमची वेळ आणि सुट्टीचा वार विचारून घ्या, एका वेळी वीसपेक्षा जास्त मुलं नेऊ नका कारण पराजवळ गर्दी होते आणि मागच्यांना हाडं मोजता येत नाहीत. जास्त वेळ असेल तर बालासिनोरजवळ रैयोलीला जा, बडोद्यापासनं साधारण शंभर किलोमीटरवर, राजासॉरस नर्मदेन्सिस या डायनोसॉरची हाडं तिथलीच, २००३ मध्ये त्याला हे नाव मिळालं. परत येताना वाटेत मुलं प्रश्न विचारतील आणि तुम्हाला उत्तर येणार नाही असे दोन-तीन तरी असतील, ते वहीत लिहून घ्या आणि पुढच्या सोमवारी त्याच मुलांना शोधून आणायला सांगा.